चिमूचं वजन : वाडीवरच्या नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

११ जून

आमच्या अंगणवाडीतल्या पोरांची महिन्याची वजनं घेतली आज. चिमू (घरातलं लाडाचं नाव आहे, कागदावरचं इथे नको) १९ महिन्यांची झाली आणि काट्यावर ७.६ किलो. या वयाच्या मुलीचं मधलं वजन १०.४, ८.२ च्या खाली गेलं की कमी वजन, ७.३ च्या खाली तीव्र कमी वजन. म्हणजे ही पिवळ्यात (कमी वजनात) आहे पण लालच्या (तीव्रच्या) जवळच. दंडाचा घेर पट्टीने मोजला तर १२.१ सेंटिमीटर, तिथेही पिवळीच, ११.५ च्या खाली लाल असते. दोन्ही पायांवर अंगठा दाबून बघितला, खड्डा राहत नाही, म्हणजे सूज नाही, हे बरं आहे. लांबी आडवं झोपवून घेतली, ७५ सेंटिमीटरच्या थोडी वर, तीही कमीच.

ॲपमध्ये आकडे भरले. पण पोर खात का नाही, घरात भरवतं कोण, शिजतं काय, याला तिथे रकाना नाही ना, म्हणून हे वेगळं मोबाईलमध्ये लिहून ठेवतेय. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिमेला आमची वाडी, एकदा पाऊस लागला की चार महिने ढगातच, आणि पावसाळ्यात आमच्याकडच्या पोरांची वजनं घसरतात हे दरवर्षीचं आहे. तेव्हा जे काय करायचं ते आवणीच्या (भातलावणीच्या) आधी सुरू करायला पाहिजे.

आजी म्हणाल्या, "बाई, ती खातच नाय. तोंडच उघडत नाय. हिचा बाप या वयात भाकर खायचा."

१३ जून

नुसतं विचारून काय कळत नाही, सगळे म्हणतात वरण भात खाते. म्हणून आज अंगणवाडी मदतनीसबाईंवर सोपवून सकाळपासून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले, तांदूळ निवडायला घेतले हातात म्हणजे तपासणीला आल्यासारखं वाटू नये.

उठल्यावर चहा, अर्धा कप, त्यात बिस्किटं बुडवून. मग आईचं दूध. दहाच्या सुमारास भावाबरोबर दुकानातला पाच रुपयांचा पुडा, पिवळा वारा नुसता. परत आईच्या पदराखाली. मग जेवण, म्हणजे भात आणि त्यावर डाळीचं वरचं पाणी, डाळ खालीच राहिली पातेल्यात, कारण "घट्ट बाधतं". एकाच ताटात ती आणि साडेचार वर्षांचा भाऊ. भाऊ भराभर खातो, ही दोन घास घेऊन बोट चोखत बसते, ताट रिकामं, आजी म्हणतात बघा झालं तिचं. मग थोड्या वेळाने रडली की परत बिस्कीट.

मला तर वाटतंय पोरीला भूक आहे. फक्त ती चहा, पुडा आणि पाण्यावर संपतेय. दीड वर्षाच्या पोराच्या पोटात एका वेळी मावतं किती, वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिली धरतात, म्हणजे हिचं २३० मिलीच्या आसपास, एक पेलाभर. त्यात अर्धा कप चहा गेला तर जेवणाला जागा कुठून राहणार!

आणि बापाशी तुलना चाललीय ती पण काढायला हवी आजींच्या डोक्यातून. पहिल्या वर्षी मूल झपाट्याने वाढतं, दुसऱ्या वर्षी सगळं मिळून अडीच किलोच्या आसपासच, त्यामुळे वर्षानंतर खाणं जरा कमी वाटतंच, ते आजारपण नाही. पण ही त्या हिशोबातही बसत नाही, ही खरंच मागे आहे.

१५ जून

आशाताईंबरोबर वहिनी (चिमूची आई) आणि चिमूला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. खाणं बदलायच्या आधी हे पाहिजेच, नाहीतर आपण लाडू करत बसायचं आणि आत दुसरंच काहीतरी. लघवी तपासली, ठीक आहे. ताप नाही, खोकला नाही. आजोबांचा खोकला जुना आहे म्हणून डॉक्टरांनी त्यांनाही बोलावून थुंकी तपासायला सांगितली, लहान पोरांना टीबी घरातल्या मोठ्यांकडून येऊ शकतो आणि पहिलं लक्षण बऱ्याचदा वजन न वाढणं हेच असतं.

हिमोग्लोबिन ९.२. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराला ११ पाहिजे. तर मग भूक कमी असणारच, रक्त कमी की भूक मरते, भूक मेली की रक्त आणखी कमी. एरवी सगळ्या पोरांना आपण लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली देतो, हिला डॉक्टरांनी रोज १ मिली लिहून दिलंय दोन महिने, मग परत तपासायचं. चहाबरोबर नाही, दुधाबरोबर नाही, जेवणानंतर थोड्या वेळाने आणि वर लिंबाचं चार थेंब पाणी. शी काळी होईल घाबरू नका हे मी वहिनीला तीनतीनदा सांगितलं कारण मागे एका घरात काळी शी बघून बाटलीच फेकून दिली होती ओढ्यात.

१९ जून

नाचणी दोन दिवसांपूर्वी भिजवून फडक्यात बांधली होती, छान मोड आले. ऊन नाही त्यामुळे सुपात पसरून चुलीच्या उबेला वाळवली, जोरात भाजायची नाही, भाजली तर तिच्यातली पातळ करायची ताकद जाते.

हे वहिनीच्या घरी करून दाखवलं, सांगून पटत नाही. साध्या नाचणीच्या पिठाची घट्ट पेज शिजवली, इतकी घट्ट की चमचा उभा राहील. भांडं खाली उतरवून जरा निवू दिलं, मग मोड आलेल्या नाचणीचं पीठ एक छोटा चमचा घालून ढवळत राहिले. थोड्या वेळात ती पेज सैल होऊन वाहायला लागली. आजी बघतच राहिल्या, म्हणे पाणी कधी ओतलं? पाणी नाहीच ओतलं. मोडातलं जे असतं ते पिठातला स्टार्च तोडतं, म्हणून तेवढ्याच वाटीत पीठ दुप्पट मावतं आणि पोराला गिळायला सोपं जातं. मग परत एक उकळी काढली, गूळ, भाजलेल्या दाण्याचं बारीक कूट एक मोठा चमचा, आणि वरून तेल एक छोटा चमचा. नुसतं ते तेल म्हणजे ४५ कॅलरी, कूट साधारण ५५-६०. एका वाटीत शंभर कॅलरी वाढल्या आणि वाटी तेवढीच!

तेलाला आजींचा विरोध झाला, खोकला होतो म्हणे. मी म्हटलं भाजीत घालता तेव्हा होत नाही का. हसल्या. बघू.

अख्खे शेंगदाणे मात्र हातात द्यायचे नाहीत, घशात अडकतात. कूटच. आणि कूट करताना काळे पडलेले, बुरशीचे दाणे निवडून टाकायचे, पावसात हे होतंच.

२२ जून

घरात काय दिसलं तर टीएचआरची (अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणाऱ्या आहाराची) पाकिटं कोपऱ्यात पडून. गोड नाही म्हणून कोणी खात नाही म्हणे. त्याचं पीठ परत कढईत थोड्या तेलावर भाजलं, गूळ घातला, लिंबाएवढे लाडू वळले. भावाने चार खाल्ले. चिमूने एक हातात धरून चाटत चाटत संपवला, अर्धा जमिनीवर, चालेल.

अंड्याचा विषय काढला आज. आमच्या भागात अमृत आहार योजनेत पोरांना आठवड्यातून चार वेळा अंडं किंवा केळं मिळतं, चिमूचं केळंच जात होतं कारण आजी माळकरी. मी काय वाद घातला नाही, माळेचा मान आहे. नुसतं विचारलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "माळ माझ्या गळ्यात हाय, तिच्या नाय. खाऊ दे. पर माझ्या चुलीवर नको." झालं, अंडं अंगणवाडीतच उकडायचं आणि कुस्करून भातात, थोडं तेल मीठ. मिटला प्रश्न.

२७ जून

वेगळी वाटी सुरू होऊन काही दिवस झाले. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कामाचं. भावाचं ताट वेगळं, हिची वाटी वेगळी, म्हणजे खरंच किती पोटात गेलं ते डोळ्याने दिसतं. दुपारी अर्धी वाटी संपली, संध्याकाळी पाऊण.

पण भरवण्याची पद्धत अजून तीच, आजी नाक दाबून घास कोंबतात नाहीतर मामा मोबाईल धरतात आणि पोरगी तिकडे बघत तोंड उघडते. मोबाईलने घास जातो हे खरंय, पण तिला कळतच नाही आपण खातोय, भूक लागली तेही कळत नाही आणि भरलं तेही. ठरवलं असं की वाटी समोर ठेवायची, पहिले चार घास तिच्या हाताने, सांडू दे, बाकीचे आपण, तोंड फिरवलं की थांबायचं, थोड्या वेळाने परत एकदा विचारायचं, नाही म्हणाली तर उठायचं. पण मग पुढच्या जेवणापर्यंत बिस्कीट चहा काही नाही. आईचं दूध चालू ठेवायचं, दोन वर्षं आणि पुढेही, फक्त जेवणाच्या अगदी आधी नको, जेवणानंतर.

चहा बंद झालाय असं सांगतात. मला नाही वाटत बंद झालाय. पण कमी झालाय.

५ जुलै

लाडकी बहीणचे फॉर्म. सकाळपासून ओट्यावर रांग, आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, नेट नाही. चिमूकडे जायला जमलं नाही या आठवड्यात, मदतनीसबाई अंडं भरवतात तेवढंच.

१२ जुलै

७.९ किलो. महिन्यात ३०० ग्रॅम. वजन घेताना नेहमी सकाळी, लघवी झाल्यावर, एवढ्याच कपड्यात, एकाच काट्यावर, नाहीतर एका स्वेटरचे २०० ग्रॅम धरून आपण खुश व्हायचो.

आवणी सुरू झालीय. वहिनी पहाटे जाते, अंधारात येते. म्हणून खाण्याचं वेळापत्रक आजींच्या सोयीने लावलं, घड्याळ नको, उठल्यावर पेज, अंगणवाडी सुटायच्या आधी अंडं भात, दुपारी झोपून उठली की लाडू किंवा केळं, दिवेलागणीला वरणभात (खालची डाळ!), आणि वहिनी आल्यावर जे असेल त्यातलं थोडं आणि दूध. पाच वेळा. आजींना पाठ झालं, मला उलट म्हणून दाखवलं.

२० जुलै

परवापासून जुलाब. दिवसातून सात-आठ. वाडीत अजून पोरांना आहेत, ओढ्याचं पाणी गढूळ झालंय आणि झऱ्यावर सगळे जातात असं नाही. आशाताईंनी ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या दिल्या, झिंक रोज एक, २० मिलीग्रॅमची, चमचाभर पाण्यात विरघळवून, १४ दिवस, जुलाब थांबले तरी १४ दिवस. ओआरएस प्रत्येक शीनंतर अर्धा कपाच्या आत बाहेर, चमच्या चमच्याने.

आजींनी खाणं बंद केलं होतं, "पोटाला आराम". हे सगळ्या घरांत असंच. मी बसून मऊ भात, ताक, कुस्करलेलं केळं दिलं, आईचं दूध जेवढं मागेल तेवढं. डोळे खोल गेले, पोरगी सुस्त पडली, पाणीही पिईना, किंवा शीत रक्त दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना, १०८ ला फोन, हे आजोबांना सांगून ठेवलं कारण फोन त्यांच्याकडे असतो.

२६ जुलै

जुलाब थांबले. वजन ७.६. महिनाभराचं गेलं पाण्यात, अक्षरशः. वहिनी रडली. खरं सांगायचं तर याला उतार म्हणायचंच नाही, जुलाबात पोरं अशीच झडतात आणि नंतरचे पंधरा दिवस नीट खायला घातलं तर पटकन भरून येतं, आजारातून उठलेल्या पोराला भूकही जास्त लागते. म्हणून पुढचे दोन आठवडे पाचाऐवजी सहा वेळा. पाणी उकळून गार करून, आणि भरवायच्या आधी हात साबणाने, तिचेही.

८ ऑगस्ट

खेकडे! आवणीच्या खाचरातले, मामांनी आणले. वेगळ्या चुलीवर शिजवून पातळ रस्सा भातात कालवून दिला तर पोरीने वाटी ओढून घेतली. श्रावण लागलाय पण मामा काय ऐकत नाहीत आणि आजींनी तिकडे बघितलंच नाही. मी सारखं म्हणते की आमच्या भागात खायला काही नाही हे खोटंय, नाचणी आहे, वरई आहे, खुरासणी आहे, खेकडे मासे रानभाज्या आहेत, पोराच्या वाटीपर्यंत येत नाहीत एवढंच.

१३ ऑगस्ट

८.० किलो, दंडघेर १२.३. गेलेलं भरून आलं आणि वर थोडं. जंतनाशकाची फेरी होती, दोन वर्षांखाली अर्धी गोळी, चुरून पाण्यातून, दिली.

१७ ऑगस्ट

वहिनीच्या खात्यात तीन हजार जमा झाले, जुलै ऑगस्टचे मिळून. राखीच्या आधी आले म्हणून सगळ्या वाडीत आनंद. वहिनी मला म्हणाली बाई तो टीव्हीवरचा डबा आणू का, दुधात घालायचा, चॉकलेटचा, वजन वाढतं म्हणतात. दुकानात जाऊन डबा हातात घेतला आणि मागचं बारीक वाचून दाखवलं, सुरुवातीच्या नावांतच साखर. तेवढ्या पैशात दोन किलो शेंगदाणे, किलोभर गूळ आणि तेलाची पिशवी येते आणि ते भावालाही पुरतं. वहिनीने दाणे गूळ घेतलं. आणि एक छोटी स्टीलची ताटली वाटी, चिमूची स्वतःची. बाकीचे खताला गेले, ते जायचेच होते.

डबा घेऊच नये असं नाही, कोणाकडे पैसे असतील तर घ्या बापडे. पण या घरात तो डबा म्हणजे पंधरा दिवसांचं तेल गेलं.

२४ ऑगस्ट

रक्त परत तपासलं, १०.४. चांगलं चढलंय. डॉक्टर म्हणाले सिरप अजून चालू ठेवा. आजोबांची थुंकी तेव्हाच स्वच्छ आली होती, ते लिहायचं राहिलं होतं इथे.

भूक बदललीय हे वजनाच्या आधी दिसलं. आता अंगणवाडीत आली की स्वतः वाटी घेऊन मदतनीसबाईंपाशी उभी राहते.

१० सप्टेंबर

८.४. दंडघेर १२.६, म्हणजे पट्टीवर हिरवी. वयानुसार वजनाला अजून पिवळीच, २२ महिन्यांना ८.७ पाहिजे. सुपरवायझर मॅडमना वाटलं हिरवी झाली म्हणजे यादीतून काढा. मी म्हटलं राहू द्या, दंड भरला पण वजन अजून रेषेखाली आहे आणि पावसाळा संपलेला नाही. राहिली.

पोषण महिना चालू आहे, बैठकीत आकडे वाचले, एनएफएचएस ५ मध्ये (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) आपल्या राज्यात पाच वर्षांखालची ३६.१ टक्के पोरं कमी वजनाची आणि ३५.२ टक्के बुटकी. आमच्या वाडीत मोजली तर काय वेगळं येणार. पाककृती स्पर्धा पण झाली, बायकांनी मुळ्याचे फुलं काढून सजावट केली. मी आपली मोडाच्या पिठाची पेज मांडली, दिसायला तपकिरी चिखल. नंबर नाही आला.

गौरी गणपतीत सगळीकडे गोड चाललंय, पोरगी दोन दिवस नुसती करंजी चाखत होती, जेवली नाही. दोन दिवसांचं काय नाही एवढं.

२९ सप्टेंबर

परसात वाल लावलेत वहिनीने. बी तिच्या माहेरचं, माहेर कोंभाळण्याकडे, तिकडे राहीबाई पोपेरेंकडचं गावरान बी बऱ्याच जणी लावतात (२०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या अख्ख्या तालुक्याने पेढे खाल्ले). वेलाला फुलं धरलीत. शेंगा भरल्या की सोललेले वाल मऊ शिजवून कुस्करून, चिमूला आणि भावाला. कारल्याच्या वेलावर नुसती कारली, ती कोण खाणार!

११ ऑक्टोबर

८.७. रेषा आता ८.९ वर गेलीय कारण पोरगी २३ महिन्यांची झाली, म्हणजे आपण धावतोय आणि रेषाही पुढे सरकतेय, पण अंतर कमी होतंय, जूनमध्ये ६०० ग्रॅम मागे होती, आता २००. लांबी जवळपास ७९. उंचीचं सावकाशच होईल, ते चार महिन्यांत होणारं काम नाही.

ताटली अजून वेगळी आहे. चहा मात्र आजी गपचूप देतात, बशीत, दोन घोट. मी बघितलं, त्यांनीही बघितलं मी बघितलं ते. दोन घोटांवर आलंय तर मी गप्प बसले.

२१ ऑक्टोबर

वहिनीने सांगितलं दिवाळी झाली की नारायणगावला जाणार, भाजी तोडायच्या कामाला, भात काढून झाला की इथे काम नाही. चिमू बरोबर, भाऊ आजींकडे. म्हणजे खरी काळजी आता आहे. तिथे मळ्यावर पाचटाची खोपी, सकाळी सातला कामावर, पोर बांधावर, आणि बांधावर काय तर परत बिस्कीट.

म्हणून आज बसून आम्ही दोघींनी ठरवलं. मोडाच्या नाचणीचं पीठ डबाभर, दाण्याचं कूट थोडं थोडंच करायचं कारण खवट होतं, गूळ, तेल तिथे मिळेलच. सकाळी चुलीवर घट्ट पेज करून सैल करायची, उकळी काढून झाकणाच्या डब्यात, दहाच्या आत संपवायची, दुपारपर्यंत ठेवायची नाही. दुपारी भाकरी दुधात नाहीतर डाळीत कुस्करून. लाडू कमरेच्या पिशवीत. अंडी तिथे दुकानात सहज मिळतात आणि तिथे आजींची चूल नाही, वहिनी स्वतःच हसून म्हणाली हे. सिरपची नवी बाटली आशाताई देतील, झिंक आणि ओआरएसची पाकिटं वेगळ्या पिशवीत, लसीकरणाचं कार्ड त्याच पिशवीत.

ॲपमध्ये स्थलांतराची नोंद तारीख पक्की झाली की टाकते, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत पोरीचा आहार चालू राहील. त्या मळ्याजवळच्या सेविकाताईंचा नंबर आमच्या बीटमधल्या (आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटातल्या) एकीकडून मिळवला, फोन केला, चांगल्या बोलल्या, म्हणाल्या आमच्याकडे तुमच्याकडची बरीच पोरं असतात, पाठवा. ११ नोव्हेंबरला त्या त्यांच्या काट्यावर वजन घेऊन मला फोटो टाकणार आहेत. इथून निघायच्या आदल्या दिवशी मी आमच्या काट्यावर घेऊन ठेवते, दोन काट्यांत फरक असला तर कळेल.